माती कपाळाला लावण्याआधी

काथोड गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोदामात एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. जुन्या बारदानाचा भाव पाडून मागत होता आणि मी त्याला उभा-आडवा घेत होतो. फोनवर काथोडचा पुतण्या. "शेठ, काका गेलं," एवढंच बोलला. मी रिसीव्हर ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, "तू म्हणशील तो भाव." आयुष्यात हे वाक्य मी तेवढं एकदाच बोललो आहे. तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग मी सांगितलेलेच पैसे टेबलावर ठेवून निघून गेला.

तेराव्यानंतर डोंबिवलीजवळच्या त्याच्या गावात देवळापुढे शोकसभा झाली. गर्दी इतकी की पैलवानाचा फोटोही लांबून दिसेना. बोलायला अण्णा उभे राहिले. टिटवाळ्याच्या पुढे एका गावात देवीची मोठी जत्रा भरते, त्या जत्रेच्या कमिटीचे अण्णा काथोड कुस्त्या लढायचा त्या काळी अध्यक्ष होते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा भांडण होईल आणि आता भांडायला सोबत काथोड नाही. अण्णा म्हणाले, "काथोड पैलवान देवीसाठी लढला. त्यानं कधी एका पैशाची अपेक्षा केली नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी ताडकन उठलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूला बसलेल्या हिरावहिनींनी, काथोडच्या बायकोनं, माझ्याकडे बघून हातानंच खाली बसवलं. निघताना दारात म्हणाल्या, "भाऊजी, हितं बोलला असता तर भांडान झाला असता. तुमी लिवा." म्हणून लिहितो आहे. काथोडनं अपेक्षा केली होती. तोंड उघडून, चार माणसांत, भोंग्यावरून मागितलं होतं. आणि त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा.

आमची ओळख कल्याणची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. खाडीच्या अंगाला एक कौलारू तालीम होती, तिथे मी पहाटे जायचो आणि मग दिवसभर सायकलवर रिकामी पोती बांधून दुकानादुकानांतून फिरायचो. घाटावरून आलेल्या बापानं मला एक सायकल आणि एक जीभ एवढंच ठेवलं होतं. कुस्तीत माझी गती काय सांगावी... चितपट होण्यात माझा हात धरणारा त्या तालमीत कोणी नव्हता. काथोड मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातला. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात माल उतरवायच्या कामाला होता. रंगाची पूड अंगात इतकी मुरलेली, की घाम आला की पाठीवरून जांभळा ओघळ यायचा आणि कुस्तीच्या हौदातल्या तांबड्या मातीत मिसळायचा. त्याच्याशी लढून आलेला माणूस गावभर ओळखू यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला पाठीवर पाडलं, हात देऊन उठवलं आणि माझ्या सायकलवरच्या पोत्यांकडे बघून म्हणाला, "शेठ, दुकान चांगला हाय तुमचा." तेव्हापासून मी शेठ. खरा शेठ व्हायला मला पुढे बरीच वर्षं लागली, पण त्यानं नाव आधीच देऊन ठेवलं होतं.

तीन-चार वर्षांत ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत काथोडचं नाव झालं. जत्रेच्या फलकांवर त्याचं नाव न विचारता छापलं जायचं. मोठ्या कमिट्या मैदानाला कनात लावून तिकिटं विकायच्या, आणि तिकिटं विकली जायची ती त्याच्याच नावावर. भोंग्यावर इनामाचा आकडा गर्जून सांगितला जायचा. कुस्ती झाली, लोक पांगले, की कमिटीच्या तंबूत आकडा निम्म्यावर यायचा. "वर्गणी कमी जमली हो पैलवान, समजून घ्या." वर एक फेटा आणि नारळ. कुस्ती बरोबरीत सोडवली, तर नुसताच फेटा. काथोडच्या घरी फेट्यांचा ढीग होता. हिरावहिनींनी त्यांचे पडदे केले, पोरीचा पाळणा बांधला, गोधडीला आतून अस्तर लावलं. एकदा मला जेवायला वाढताना म्हणाल्या, "भाऊजी, नारलाचा वाटान करीन, पन फेट्याचा कालवन कसा करू?"

मी व्यापारी माणूस. मला हे बघवेना. मी काथोडला म्हटलं, या वर्षी बोलणी मी करतो. तो लाजला, पण नाही म्हणाला नाही. त्या जत्रेला मी अण्णांच्या तंबूत जाऊन बसलो. बाहेर तिकिटं संपली होती, आत अण्णांना घाम फुटला होता. सौदा कसा वळतो हे मला पोत्यांनी शिकवलं होतं. अण्णा एकेक पायरी वर येत होते, मी जागचा हलत नव्हतो. आणि ऐन वेळी बाहेर आरोळी उठली. मी कनातीच्या फटीतून पाहिलं. हलगी वाजायला लागल्याबरोबर आमचा पैलवान कपडे उतरवून हौदाशी गेला होता आणि खाली वाकून चिमूटभर माती कपाळाला लावत होता.

पैलवानांत एक रीत आहे. हौदातली माती एकदा कपाळाला लावली की लढल्याशिवाय मागे फिरायचं नाही. मग समोर वाघ येवो. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाले, "आता काय बोलायचं राहिलं, शेठ?" काहीच राहिलं नव्हतं. काथोड ती कुस्ती जिंकला, नेहमीचा फेटा घेऊन आला. येताना उजवा पाय ओढत होता, गुडघा दुखावला होता. मी रस्ताभर त्याच्या अंगावर ओरडलो, "अरे, मी आत सौदा करतोय आणि तू बाहेर माती लावतोस? माती लावलीस म्हणजे सही केलीस!" तो शांतपणे म्हणाला, "देवीच्या दारान उभा राहून माती नाय लावाची? मना लाज वाटते, शेठ."

गुडघा महिनोन्‌महिने बरा झाला नाही. हाडवैद्य झाला, तेल झालं, मग ठाण्याचा डॉक्टर. कारखान्यानं बिनपगारी घरी बसवलं. कमिटीतलं कोणी बघायला आलं नाही. पुढच्या जत्रेच्या फलकावर मात्र नाव छापून आलं, त्याच जाड अक्षरांत. मी तो फलक घेऊन त्याच्या घरी गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. काथोड खाटेवर पाय पसरून ऐकत होता. देवीचं नाव मधे आलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी चुलीपाशी बसलेल्या हिरावहिनी बोलल्या.

"मांडववाला आगाऊ पैसं घेतो ना?"

"घेतो," मी म्हटलं.

"बेंजोवाला? भोंगेवाला?"

"पैसे हातात पडल्याशिवाय तार जोडत नाहीत."

"मंग ते काय देवीचं नाय?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तूच यकटा देवीचा का रं? आनि गुडघा कोनाचा?"

काथोड गुडघा चोळत म्हणाला, "बरा. शेठ सांगल तवाच माती लावीन. पन मी मागीन ता जोडीलाबी भेटला पायजे." जोड म्हणजे समोरचा पैलवान. त्या वर्षी साताऱ्याकडचा सर्जेराव नावाचा दांडगा गडी ठरला होता. मी उसळलो. ज्याला पाडायचं त्याच्यासाठी मी का घासाघीस करू? काथोड हसला. "त्यो नाय उतरला तर मी कोनाशी लढू? भिताडाशी? शेठ, तुमी पोती यकट्यानं विकता. कुस्ती यकट्यानं नाय व्हत." धंद्यातला मी, पण त्या दिवशी धंद्याची मेख मला त्यानं दाखवली. एकाला आडवं करणं अण्णांना सोपं होतं. दोघं मिळून उभे राहिले तर जत्रेची कुस्तीच उभी राहत नव्हती.

सर्जेराव जत्रेच्या आदल्या दिवशी कल्याणला उतरला. काथोडनं त्याला घरी नेलं, मटण-भाकरी खाऊ घातली आणि आपलं म्हणणं सांगितलं. सर्जेरावचे कान मारानं मुडपून भज्यासारखे झाले होते. त्या कानांनी त्यानं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "आमच्याकडं बी हेच चालतंय. पर पहिल्यांदा बोलायचं कुणी, म्हणून समदी गप."

दुसऱ्या दिवशी कनातीच्या आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोघं लंगोट कसून हौदाच्या कडेला आले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. हलगी वाजत होती. कोणी वाकेना. मी अण्णांपुढे जाऊन अटी सांगितल्या: इनामाची रक्कम आधी देवीच्या गुरवाकडे ठेवायची, जिंको, हरो की बरोबरीत सुटो, दोघांचा ठरलेला वाटा त्यांना मिळायचा, जिंकणाऱ्याला थोडा जास्त, कोणी जायबंदी झाला तर औषधपाण्याचा खर्च कमिटीचा, आणि हे सगळं भोंग्यावरून सांगायचं. अण्णांनी मला बाजूला घ्यायला हात धरला. मी हात सोडवून घेतला. जे तंबूत ठरतं ते तंबूत मोडतं, हे मी शिकलो होतो.

अण्णांनी मग भोंग्याचा माइकच हातात घेतला. "मंडळी, बघा! देवीच्या दारात पैलवान पैशाला विकला गेलाय!" गर्दीतून शिट्ट्या आल्या. कोणी काथोडच्या आईवरून बोललं. त्याच्या मानेची शीर उडताना मला दिसली. त्या क्षणी मला खरी भीती वाटली ती अण्णांची नाही, काथोडच्या लाजेची. तो वाकेल, माती उचलेल, आणि संपलं... अण्णांनाही तेच वाटलं असावं. ते सर्जेरावपाशी जाऊन म्हणाले, "तू ये, तुला दुसरी जोड देतो. दुप्पट घे." सर्जेराव पुढे बघत म्हणाला, "आमची बोलणी एकत्र हायती."

मग काथोड चालत माइकपाशी गेला. अण्णांच्या हातातून त्यानं तो घेतला नाही, नुसता त्यापुढे वाकला. त्याचा आवाज मुळात बारीक. म्हणाला, "देवीला मी नारल दिलाय, कोंबरा दिलाय. अंगबी देतो. पन तिकिटाचं पैसं देवीनं नाय घेतलं, कमिटीनं घेतलं. मी कमिटीकडं मागतंय." बस. तेवढंच बोलून परत जागेवर जाऊन उभा राहिला. मग मागून एक म्हातारा अण्णांवर ओरडला, "अरे द्या की! आमी काय तुजा भासन ऐकाला तिकीट काडला?" आणि हशा फुटला. हसणारी गर्दी कोणाच्या बाजूला जाते हे व्यापाऱ्याला कळतं. अण्णांनाही कळलं. पेटी आली, गुरवाच्या ताटात रक्कम पडली, आणि सगळ्या अटी भोंग्यावरून एकेक करून सांगितल्या गेल्या. काथोडनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा ते दोघे एकदम वाकले.

काथोड ती कुस्ती हरला. सर्जेरावनं त्याला ढाक डाव लावून असा काही फेकला की अजून लोक सांगतात. पण लढत झाली ती अशी, की हरलेल्यालाही लोकांनी खांद्यावर घेतलं. तंबूत अण्णा कुत्सितपणे म्हणाले, "हरून पैसे नेतोस?" काथोड म्हणाला, "मी हरलो म्हनून तुमी लोकाना तिकिटाचं पैसं परत दिलं का, अण्णा?" घरी त्यानं वाटा हिरावहिनींच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ह्या वक्ताला फेटा नाय भेटला." वहिनी म्हणाल्या, "देवी पावली."

त्याची किंमत आम्ही दोघांनी मोजली. त्या कमिटीनं त्याला पुढे कितीतरी वर्षं बोलावलं नाही, आणि अण्णांच्या भावाच्या भातगिरणीत जाणारी माझी पोती दुसऱ्या दिवशी बंद झाली. ते मी विसरलेलो नाही, विसरणार नाही. पण बाकीच्या गावांत गोष्ट पोहोचली होती. नव्वदच्या पुढे काथोडनं गुडघ्यापायी लढणं सोडलं आणि गावातच तालीम काढली. विठ्ठलवाडी, अंबरनाथकडून पोरं यायची. डाव शिकवायच्या आधी तो त्यांना एकच गोष्ट शिकवायचा: बोलणं पुरं झाल्याशिवाय मातीला हात नाही, आणि जोडीला सोडून बोलणं नाही. जत्रेत, आणि पुढे पुढे अण्णांच्या जत्रेतही, स्वतः हौदाच्या कोपऱ्याला, हलगीवाल्यांच्या शेजारी उभा राहायचा. इनाम आणि अटी जाहीर झाल्या की मान हलवायचा. मग पोरं वाकायची.

शेवटचा भेटलो ते ठाण्याच्या इस्पितळात, ऑपरेशनच्या सकाळी. छाती खाली गेली होती, पण पंजा तेवढाच. आत नेण्याआधी मी डॉक्टरांशी खर्चावरून वाद घालून आलो होतो. त्याला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. "बोलनी झाली का, शेठ?" मी म्हटलं, "झाली." म्हणाला, "मंग जातंय आता." आणि डोळे मिटून घेतले... त्यानंतर आला तो पुतण्याचा फोनच.

गेल्या आठवड्यात मी त्या जत्रेला गेलो. इतक्या वर्षांनी, अण्णांच्या डोळ्यांदेखत, मुद्दाम. शेवटच्या कुस्तीला दोन तरणेबांड पैलवान आले, एक काथोडच्या तालमीतला, दुसरा नाशिककडचा, त्याला काथोड ठाऊकही नसणार. दोघं कडेला येऊन हात पाठीमागे बांधून उभे राहिले. भोंगेवाल्यानं न अडखळता इनाम सांगितलं, हरणाऱ्याचा वाटा सांगितला, औषधपाण्याचं सांगितलं. मी शेजारच्या माणसाला विचारलं, "हे सगळं सांगतात कशाला हो?" तो म्हणाला, "पयल्यापासूनची रीत हाय इथली."

हलगी वाजत होती. भोंगा बंद झाला तरी पोरं वाकेनात. काथोडच्या तालमीतल्या पोरानं कोपऱ्याकडे पाहिलं. हलगीवाल्यांच्या शेजारची जागा गर्दीतही रिकामी ठेवली होती, कोणी तिथे पाय ठेवत नव्हतं. पोरगा तिथेच बघत राहिला. मग त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

मी मान हलवली. ते दोघे वाकले.