गॅलरीतला चहा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या चारकोपच्या घरात त्यांच्याच साडीला इस्त्री करत होते. दुपारी त्यांना कुणाच्या तरी निरोपसमारंभाला जायचं होतं. सकाळी बँकेत म्हणून निघाल्या आणि तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या... इस्त्री बंद करायचं भान मला राहिलं नाही. पदराला डाग पडला, तो अजून आहे.

विजयाताई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिल्या. सरकारी विमा कंपनीत हिशेबखात्याच्या प्रमुख होत्या. निवृत्त झाल्यावर रंग बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने त्यांना स्वतंत्र संचालक म्हणून बोलावलं, आणि वर्षभरात संचालकांचे पगार ठरवणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्ष झाल्या. मला तर हसूच आलं. गोराईहून येणाऱ्या मावशींशी बोंबलाच्या वाट्यावरून हुज्जत घालणारी ही बाई कंपनीच्या मालकासारख्या माणसाला किती कोटी द्यायचे ते ठरवणार! "मालक नाही गो तो," ताई म्हणायच्या. "मालक शेअरवाले. तो पगारी माणूस, फक्त मोठ्या पगाराचा."

पोळ्या लाटता लाटता मी त्यांच्याकडून हे सगळं शिकले. पगाराचा एक भाग ठरलेला, दुसरा कामावर. वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टं ठरतात, वर्ष संपल्यावर ती गाठली की नाही ते समिती बघते. आणि ज्याच्या पगाराची चर्चा असेल त्याने खोलीबाहेर जायचं. हा नियम ताईंना इतका आवडला की त्यांनी तो घरातही आणला. आमच्या मुलाच्या, ओंकारच्या बाईकचा विषय निघाला की ओंकार गॅलरीत. मला मसाल्यांचा उद्योग सुरू करायचा होता तेव्हा मी गॅलरीत. मी जाम फुगले होते. दार लावून घेतलं आणि तिथल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आतला शब्द ऐकू येतोय का बघत राहिले. तेवढ्यात दार उघडून ताई चहा घेऊन आल्या. "बाहेर बसवलंय, वाळीत नाही टाकलं," म्हणाल्या. बाहेर बसलेल्याला चहा द्यायचा, हाही त्यांचाच नियम. ऑफिसातसुद्धा त्या तो पाळायच्या.

मग ते वाईट वर्ष आलं. रंगाचा खप घसरला, कंपनीचा एक कारखाना बंद झाला. आणि वर्ष संपता संपता समितीपुढे प्रस्ताव आला की परिस्थितीच अवघड होती, तेव्हा उद्दिष्टं थोडी खाली आणावीत, म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांना, त्या मोठ्या पगाराच्या साहेबांना, कामावरचा भाग पूर्ण मिळेल. सोबत सल्लागारांचा जाडजूड अहवाल, की इतर कंपन्या अशा माणसाला याहून जास्त देतात. ताई जेवायच्या टेबलावर चिडून बोलत होत्या, "परीक्षा झाल्यावर पासिंगचे मार्क कमी करायचे? आणि जो तो म्हणणार, आमच्या माणसाला सरासरीच्या वर द्या. मग सरासरी दरवर्षी वर जाणार नाही तर काय!"

हे म्हणाले, "ताई, त्यांनीच तुला बोर्डावर आणलं ना? पुढच्या वर्षी तुझी मुदत संपतेय."

"मग?"

"मग काय, वाट लागेल तुझी."

ताईंनी आमटी वाढून घेतली. त्या कामावर त्यांचा किती जीव होता ते मला ठाऊक होतं. मीटिंगच्या आदल्या दिवसापासून त्या आनंदात असायच्या, घरात गुणगुणत फिरायच्या. तरी समितीत त्या ठामपणे नाही म्हणाल्या, आणि बाकीच्या दोघांनाही त्यांचं पटलं. जेवढं काम झालं होतं तेवढंच मिळालं. चर्चा चालू असताना साहेब बाहेरच्या सोफ्यावर बसले होते. ताईंनी त्यांना चहा पाठवला होता.

पुढच्या वर्षी ताईंच्याच फेरनेमणुकीचा विषय बोर्डापुढे आला. ताई उठल्या आणि बाहेर जाऊन बसल्या. संध्याकाळी घरी आल्या, पाय धुतले आणि म्हणाल्या, "सुषमा, चहा टाक. नाही झालं."

माझा संताप संताप झाला. "अहो ताई, आत बसून दोन शब्द बोलायचे ना! कारण काय ते तरी विचारायचं!"

"माझ्याबद्दल मीच काय बोलू?"

आवाजात कडवटपणा नव्हता. फक्त कपाला हात लावला नाही, चहा गार होत राहिला. मी त्यांच्याकडे बघत बसले. एवढी मोठी बाई आपल्या घरात राहते, आपण तिच्याशी भाजीवरून वाद घालतो, याचीच मला त्या दिवशी भीती वाटली. खरंच भीती. देवळात मोठ्याने बोलायला वाटते ना, तशी.

त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत एक लांबलचक गाडी शिरली. तेच साहेब. फोटोला हार घातला, पाणी घेतलं. निघताना मला म्हणाले, "त्या दिवशी त्या बाहेर बसल्या होत्या... तासभर. आमच्यापैकी कुणालाच चहा पाठवायचं सुचलं नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

गेल्या रविवारी घरात बोलणी झाली. ताईंची खोली रिकामी पडलीय, तिचं काय करायचं? धाकटे दीर आणि जाऊबाई दहिसरहून आले होते. घर तिघा भावंडांचं, तेव्हा विचारायला हवंच. यांनी विषय काढला, "सुषमाला मसाल्यांसाठी जागा पुरत नाही. ती खोली तिला द्यावी असं मला वाटतं." मी उठले.

"अगं, बस ना. तुझ्याबद्दलच चाललंय," हे म्हणाले.

"म्हणूनच जातेय."

गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि निळ्या खुर्चीत बसले. या वेळी कान लावले नाहीत. समोर कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या, त्या बघत राहिले. बऱ्याच वेळाने दार उघडलं. हे उभे होते, हातात कप. लग्नापासून यांनी कधी गॅस पेटवलेला मी पाहिला नव्हता. काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

चहा नुसता गोडमिट्ट झाला होता. मी सगळा प्यायले.