काकूंची टाळी

चूक दिसली की नागवेकर काकू टाळी वाजवायच्या. एकच, पण खणखणीत. औषधाच्या दुकानात वाजवायच्या, देवळात वाजवायच्या, एसटी स्टँडवरच्या पाटीकडे बघूनही वाजवायच्या. शेजारचा माणूस दचकायचा. काकू मात्र गर्दीत माहेरचं कुणी भेटावं तशा खुशीत त्या चुकीकडे बघत उभ्या राहायच्या.

रत्नागिरीत माळनाक्याच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी मी ती टाळी पहिल्यांदा ऐकली. आमचं सामान वर चढत होतं आणि तळमजल्यावरच्या काकू जिन्यापाशी उभ्या होत्या. भिंतीवर सेक्रेटरींनी रंगवून घेतलेली पाटी होती. 'जिन्याखाली वाहने लावू नयेत' असं लिहायचं होतं, पण रंगाऱ्याने मधली जागा चुकीच्या ठिकाणी सोडली होती. पाटी म्हणत होती, 'जिन्याखाली वाहने लावून येत.'

"वाचलंस काय गो?" काकू मला म्हणाल्या. ओळखपाळख नाही, काही नाही. "लावून येत! कोण येत, कुठून येत, काय सांगत नाय."

मी म्हटलं, "सेक्रेटरींना सांगून दुरुस्त करून घेऊ."

"कशाला? कोणाला चावतेय काय ती? राहू दे. जाता-येता बरी वाटते."

पाटी अजून तशीच आहे. वाहनंही जिन्याखालीच लावतात.

टाळीचं मूळ छापखान्यात होतं. काकूंच्या यजमानांचा आठवडा बाजाराजवळ छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नमनाच्या लोकनाट्यांची हँडबिलं असलं काम. प्रुफं काकू तपासायच्या. मशीनच्या धडधडाटात आतल्या खोलीतून मारलेली हाक बाहेर पोचायची नाही, म्हणून चूक सापडली की त्या टाळी वाजवायच्या. टाळी ऐकली की मशीन थांबायचं. पुढे पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या, छापखाना बंद झाला, यजमानही गेले. टाळी तेवढी राहिली.

छापलेलं मराठी त्यांना अगदी सोवळ्यातलं लागायचं आणि बोलणं मात्र घरचं, कोकणातलं. "बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं कपाटात राहतं," असं त्यावर त्यांचं म्हणणं. हातून निसटलेल्या चुकांच्या गोष्टी त्या पुरस्कार मिळाल्याच्या थाटात सांगायच्या. एका पत्रिकेवर 'आग्रहाचे निमंत्रण' ऐवजी 'आग्रहाचे नियंत्रण' छापून गेलं होतं. "मी घाबरून लग्नाला गेले. म्हटलं, आता शिव्या खायच्या. पण नवरीच्या आईस बघितलं आणि जीव भांड्यात पडला. छापलंय ते बरोबरच होतं!"

अशा या काकूंच्या हाती माझी मुलगी लागली, आणि तिचं काय झालं ते सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

ओवी पाचवीपर्यंत आमच्या गल्लीतल्या शाळेत होती. कायम पहिली, कायम हात वर. सहावीला प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या एका शाळेत जायचं तिनेच ठरवलं. तिथली प्रयोगशाळा बघून आली आणि जेवताना म्हणाली, "मला तिथेच जायचंय." मग वर्षभर अभ्यास केला, परीक्षा दिली, निवड झाली. तिचे बाबा बोटीवर असतात. त्यांनी कुठल्याशा बंदरातून व्हिडिओ कॉल करून सगळ्या खलाशांना तिचा निकाल दाखवला.

शाळा चांगली होती, पण कडक. दर शुक्रवारी चाचणी, शिकवणं इंग्रजीतून, आणि वर्गातलं प्रत्येक मूल आपापल्या जुन्या शाळेत पहिलं आलेलं. इतके पहिले एका खोलीत बसवले की कुणीतरी शेवटचं येणारच, हे मला आधी सुचायला हवं होतं. पहिल्याच महिन्यात विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं, रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात? ओवीचा हात नेहमीसारखा वर. तिने सांगितलं, "पावसाचं पाणी निघून जायला."

वर्ग हसला. मॅडमही थोड्या हसल्या असाव्यात. त्यानंतर ओवीचा हात वर गेला नाही.

घरी तिने यातलं काहीही सांगितलं नाही. रोज सकाळी पोटात दुखायला लागलं, एवढंच मला कळत होतं. मी माझ्या परीने उपाय सुरू केले. फ्रीजवर वेळापत्रक लावलं, पहाटेचा गजर लावला, ओवा दिला, शिकवणी लावली. गुण आणखी उतरले. शेवटी वर्गशिक्षिकांनी मला बोलावून घेतलं. बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. अडलं तरी विचारत नाही. इथे न विचारणारं मूल मागे पडतं आणि मग कुढत राहतं. दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर जुन्या शाळेत परत न्यायचं मनावर घ्या. त्यात कमीपणा नाही."

कमीपणा नाही म्हणे! ओवीला ते कसं सांगायचं, या विचाराने मी भाट्याच्या पुलापर्यंत स्कूटर नेली आणि तशीच परत आणली.

घरी आले तर ओवी नेहमीप्रमाणे काकूंकडे बसलेली. मी कामावरून येईपर्यंत ती तिथेच असायची. दारातूनच मला टाळी ऐकू आली. आत बघितलं तर काकूंच्या हातात ओवीची विज्ञानाची उत्तरपत्रिका. पोरीने ती दप्तराच्या तळाशी घडी करून लपवली होती आणि काकूंनी खाऊचा डबा काढताना बाहेर ओढली होती. रुळांच्या फटीचा प्रश्न चाचणीतही आला होता. आणि इतकं हसं होऊनही या बयेने उत्तर तेच लिहिलं होतं!

ओवीचा चेहरा पांढराफटक. काकू मात्र खूश.

"पाणी जायला? हे कुठनं आणलंस तू?"

ओवी पुटपुटली, "आपल्याकडे सगळ्याला फट त्यासाठीच ठेवतात ना. गडग्याच्या भिंतीला, गच्चीला."

"बघ!" काकू माझ्याकडे वळल्या. "हिचं काय चुकलेलं नाय. प्रश्न नागपूरचा होता, हिनं उत्तर रत्नागिरीचं दिलं. तिकडे उन्हानं लोखंड फुगतं, इकडे आमचं पावसानं डोकं फुगतं."

ओवी फिस्सकन हसली. कित्येक आठवड्यांनी मी ते हसू ऐकलं, आणि खरं सांगते, मला रडू आलं.

मग काकूंनी तिला चुकांची जात समजावून सांगितली. आयुष्यभराचा धंदाच तो. "चूक हाताची असते, डोळ्याची असते, नायतर डोक्याची. माहीत होतं आणि लिहिताना घसरलं, ती हाताची. तिला नुसती फुंकर मार. प्रश्नच भलता वाचलास, ती डोळ्याची. परत वाच. आणि विचार करून चुकलीस, ती डोक्याची. ती मानाची गो! तिला बसायला पाट दे, पाणी दे, आणि विचार, बाई, तू आलीस कुठनं? ती सांगते. सांगून झालं की आपली जाते."

त्या शनिवारी काकूंनी चुकांचं हळदीकुंकू काढलं. हे नाव त्यांचंच. इमारतीतली पोरं आणि ओवीच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी, असं आमंत्रण होतं. प्रत्येकाने आठवड्यातली आपली एक चूक आणायची, मोठ्याने वाचायची, ती कुठल्या जातीची आणि कुठून आली ते सांगायचं. सगळ्यांत झकास चुकीला आंबापोळी.

मी म्हटलं, "काकू, नाव मात्र भारी शोधलंत."

"शोधलं कसलं? हे गेल्यापासनं मला हळदीकुंकवाला कोण बोलवत नाय. म्हटलं, आपलंच काढू. कुंकू नको, चुका घेऊन या."

हे त्या हसत म्हणाल्या. संक्रांतीला त्यांना न विचारता नटूनथटून तिसऱ्या मजल्यावर हळदीकुंकवाला गेलेली मी, मला काही हसता आलं नाही. पुढच्या संक्रांतीला माझं पहिलं वाण काकूंना गेलं. "हे चुकून दिलंस की जाणून?" असं विचारून त्यांनी ते घेतलं.

मोठ्यांनाही सूट नव्हती. पहिल्या शनिवारी मलाच उभं केलं. मी विमा कंपनीत आहे. ज्यांच्या मृत्यूचा दावा आम्ही आदल्या दिवशी मंजूर केला होता, त्यांनाच वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दीर्घायुष्याची इच्छा माझ्या सहीने गेली होती. पोरं गडाबडा लोळली. काकूंनी टाळी वाजवली आणि आंबापोळी मला मिळाली. ओवी माझ्याकडे बघत राहिली. आईचंही चुकतं आणि आई ते सांगून आंबापोळी खाते, हे तिला नवीन होतं.

शनिवारमागून शनिवार गेले. वर्गात हसलेली पोरंही आपापल्या चुका घेऊन येऊ लागली. त्यांच्याही उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशीच असायच्या, हे ओवीला तिथे कळलं. पोटदुखी कधी थांबली ते माझ्या लक्षातही आलं नाही. फ्रीजवरचं वेळापत्रक काकूंनी एकदा चहा प्यायला आल्या तेव्हा वाचलं, टाळी वाजवली आणि काढून टाकलं. "यात श्वास घ्यायला वेळ नाय ठेवलेला," त्या म्हणाल्या. "डोळ्याची चूक हाय. तुझ्या."

दिवाळीच्या आधी शाळेतून फोन आला, लगेच भेटायला या. वर्गशिक्षिका गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "आज गणिताच्या सरांनी फळ्यावर एक पायरी चुकवली. ओवीने भर वर्गात टाळी वाजवली."

मी कपाळावर हात मारला.

"सरांनी विचारलं, हे काय? तर म्हणते, सर, ही हाताची चूक आहे, फुंकर मारा." बाईंना आता हसू आवरेना. "मग तिने पुढची पायरी विचारली. न समजलेली. सगळ्यांसमोर. मुलगी इथेच राहू दे. टाळी तेवढी घरी ठेवायला सांगा."

ओवी पहिली वगैरे आली नाही. आजही ती मधेच कुठेतरी असते. पण हात वर असतो.

काकूंना अर्धांगवायूचा झटका आला तो ओवी सातवीत असताना. उजवी बाजू गेली आणि बोलणं विस्कटलं. मनात एक शब्द आणि तोंडात दुसराच. पाणी मागायला गेल्या आणि 'पावती' म्हणाल्या. कान शाबूत होते, तीच पंचाईत. आपली चूक त्यांना लख्ख ऐकू येत होती. त्यांनी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. डॉक्टर बजावत होते, चुकलं तरी बोलत राहा, नाहीतर बोलणं परत येणार नाही. पुण्याहून आलेला मुलगा विनवण्या करून थकला. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. साऱ्या गावच्या चुकांवर टाळ्या वाजवणारी ही बाई स्वतःच्या एका शब्दाला इतकी लाजावी, याचा मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. त्याआधीच्या शनिवारी ओवीने आपली उत्तरपत्रिका घेतली, शिंक्यासारखा लोंबणारा काकूंचा आंबापोळीचा डबा खुंटीवरून काढला आणि कॉटशेजारी बसली. मी दारात उभी होते.

तिने आपली चूक वाचली, जात सांगितली, कुठून आली ते सांगितलं. काकू भिंतीकडेच बघत होत्या. ओवी थांबली आणि म्हणाली, "काकू, आता तुमची."

मला वाटलं, आत जाऊन पोरीला उठवावं.

"माझ्या वेळी तुम्ही लपवू दिलं नव्हतं," ओवी म्हणाली. ती जागची उठली नाही.

काकूंनी हळूहळू मान वळवली. ओठ हलले, थांबले, परत हलले. डब्याकडे बघत, एकेक अक्षर ओढत त्या म्हणाल्या, "हिला... हिला... पत्रिका दे."

शब्द कानावर पडताच त्यांचे डोळे भरून आले. पण ओवीने तोंडभर हसून विचारलं, "पत्रिका? लग्नाची? काकू, ही कुठनं आली?"

काकूंच्या तोंडाची डावी बाजू हलली. आधी मला कळलंच नाही, पण ते हसू होतं. आंबापोळीचा तुकडा मोडून ओवीने त्यांच्या ओठांशी धरला. "आज नंबर तुमचा."

काकूंनी तो खाल्ला. मग त्यांनी डावा हात उचलला आणि सवयीने उजव्याकडे बघितलं. उजवा चादरीवर पडून होता, उठला नाही. डावा तसाच हवेत राहिला.

ओवीने आपला हात पुढे केला आणि त्यांच्या तळव्यावर मारला. टाळी झाली. एकच, पण खणखणीत.