सुलभामावशीचं गावरान जर्मन

काकांचा फोन आला तेव्हा मी पार्सिपनीच्या ऑफिसात मीटिंगला निघाले होते. काका एरवी फोनवर आधी मिनेसोटातलं हवामान सांगतात, बर्फ किती साचलंय ते सांगतात आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी एकदम म्हणाले, "सुलभा गेली गं..." सत्तरी उलटली तरी नोकरी न सोडलेली मावशी सकाळी ड्यूटीला निघाली, गाडीपर्यंत पोचली आणि तिथेच कोसळली. याला आता काही आठवडे झाले. तिकडच्या मराठी मंडळींनी तिच्यासाठी सभा घेतली. तिच्या पुरणपोळ्या, गणपतीची आरास, नव्या विद्यार्थ्यांना विमानतळावरून आणायची तिची धावपळ, यावर लोक भरभरून बोलले. सगळं खरंच होतं. पण तिनं आयुष्यात केलेल्या सगळ्यात अवघड कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ते कुणाला नीट ठाऊकच नव्हतं. म्हणून हा लेख. भाची फुशारकी मारतेय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे.

मावशी अस्सल पुणेकर, आणि तिथल्या एका मोठ्या इस्पितळात सिस्टर. शुद्ध बोलण्याचं तिला भयंकर वेड. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचं वाक्यही ती आधी दुरुस्त करायची आणि मग त्याला नळ दाखवायची. काकांना कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं मिनेसोटात ईडन प्रेरीला आले. मी मिनीॲपोलिसला एम. एस. करत होते, त्यामुळे शनिवार-रविवार माझा मुक्काम त्यांच्याकडे. मावशीचा इथला नर्सिंगचा परवाना अजून यायचा होता. रिकामी बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून पाऊण तासावरच्या एका शेतकरी गावात, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये तिनं मदतनीस म्हणून काम धरलं. तिथले बहुतेक म्हातारे जर्मन शेतकऱ्यांची मुलं. जन्म मिनेसोटातला, पण घरची भाषा जर्मन. वय वाढलं, एखादा झटका येऊन गेला, की नंतर शिकलेली इंग्रजी आधी पुसली जायची आणि आईची भाषा तेवढी उरायची.

हिल्डा त्यांच्यातलीच एक. झटक्यानंतर तिची इंग्रजी गेली आणि पाठोपाठ जेवणही सुटत चाललं. तिचा मुलगा रोज यायचा, पण त्याला जर्मनचा गंध नव्हता. महायुद्धाच्या काळात गावात जर्मन बोललेलं खपेना, तेव्हा आईबापांनी मुलांशी इंग्रजीच धरली होती. एकदा तो मावशीला म्हणाला, "माझी आई कधीपासून मला काहीतरी विचारतेय आणि मला त्यातलं एक अक्षरही कळत नाही." हे तिनं घरी येऊन आम्हाला सांगितलं. त्याच आठवड्यात ती लायब्ररीत जाऊन जर्मनच्या कॅसेट घेऊन आली.

तिचं ते शिकणं बघण्यासारखं होतं. गाडीत कॅसेट, कणीक मळताना पाढ्यांसारखी घोकंपट्टी. घरातल्या वस्तूंवर जर्मन नावांच्या चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. कढईवर, फ्रिजवर, काकांच्या चष्म्याच्या घरावरसुद्धा. "आता माझ्या कपाळावर पण एक लाव," काका म्हणायचे. उच्चार पक्के व्हावेत म्हणून ती गावातल्या चर्चमध्ये गोधड्या शिवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसू लागली. आणि स्वभावाला औषध नसल्यामुळे तिनं काय केलं असेल? एर्ना नावाची एक धिप्पाड शेतकरीण बोलत होती, तिला मध्येच थांबवून "तसं नाही, असं म्हणतात," असं सांगितलं. जन्मभर जर्मन बोललेल्या बाईचं जर्मन सदाशिव पेठेनं सुधारलं! एर्ना सुई खाली ठेवून हिच्याकडे बघतच राहिली म्हणे.

हिवाळा सरत आला तरी हिल्डा खाईना. डॉक्टरांनी सांगून टाकलं की सोमवारपर्यंत हेच राहिलं तर शहरातल्या हॉस्पिटलला हलवायचं आणि नळीनं अन्न द्यायचं. त्या शुक्रवारी मावशी घरी आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी चमचा पुढे करते, 'बिट्टं एसन झी', कृपया जेवा, असं म्हणते. एवढं करेक्ट म्हणते गं! आणि ती डोळे मिटून हात जोडते. नको म्हणतेय ती... सोडा मला, असं म्हणतेय." असं म्हणून ती ढसाढसा रडली. मी तिला रडताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

काकांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, "सुलभा, त्या एर्नाबाईंना विचारून तर बघ."

"अहो, कुठल्या तोंडानं विचारू?"

पण शनिवारी सकाळी ती एर्नाच्या घरी गेली. गाडी मीच ड्राइव्ह केली. एर्नानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, "अगं, ती हात जोडून तुला नको म्हणत नाहीये. ती प्रार्थना करतेय! तुझ्यासारखं जर्मन आमच्याकडे फक्त पाद्री बोलायचा, रविवारी. तू तोंड उघडलंस की हिल्डाला वाटतं, प्रार्थना सुरू झाली. प्रार्थना चालू असताना कुठली शहाणी बाई सूप पिईल?" घरात, गोठ्यात, ताटावर ती माणसं बोलायची ती भाषा वेगळीच होती. तिला ते प्लाट म्हणतात. आपल्याकडे जिला लोक नाक मुरडून गावठी म्हणतात, तशी.

मावशीनं कोट काढून खुर्चीवर टाकला. मग म्हणाली, "मला ती शिकवा."

"परवा तर तूच मला शिकवत होतीस," एर्ना म्हणाली. पण एवढं म्हणून तिनं खुंटीवरचा एप्रन काढून मावशीच्या गळ्यात घातला.

ते दोन दिवस मी जन्मात विसरणार नाही. ना कॅसेट, ना कागद-पेन्सिल. एर्ना म्हणेल ते मावशीनं आणून द्यायचं, एवढाच धडा. कांदा मागितला की मावशी बादली आणायची आणि बादली मागितली की पिठाचा डबा. एर्ना खच्चून ओरडायची, मावशी "अगं आई गं!" करत परत पळायची. ज्या बाईला कुणी चूक दाखवलेली खपत नव्हती, ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोरीसारखी बोलणी खात होती आणि जागची हलत नव्हती. रविवारी संध्याकाळपर्यंत तिला भाजी, भांडी, दुखणं-खुपणं आणि शिव्या एवढं कळू लागलं. मला तर बटाटे सोलून सोलून फोड आले.

सोमवारी मी क्लास बुडवून तिच्याबरोबर गेले. मावशीनं खुर्ची हिल्डाच्या अगदी जवळ ओढली आणि एर्नाच्या त्याच दटावणीच्या सुरात म्हणाली, "एट मान, हिल्डा!" खा की गं, एवढाच त्याचा अर्थ. हिल्डानं डोळे मिटले नाहीत. मावशीच्या तोंडाकडे, कुंकवाकडे, पुन्हा तोंडाकडे बघितलं. आणि तोंड उघडलं. पहिला चमचा गिळून ती काहीतरी पुटपुटली. मावशी हसतेय की रडतेय ते मला कळेना. "सूप गार आहे म्हणते!" असं मला मराठीत ओरडून सांगत ती वाडगा घेऊन किचनकडे धावली.

दुपारी डॉक्टर आले, रिकामा वाडगा बघून नळीचा विषय त्यांनीच बंद केला. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा मावशीनं त्याला सांगितलं की तुझी आई विचारतेय, गाईंची धार कोण काढतंय. त्यानं आईचा हात हातात घेतला. मग म्हणाला, "तिला सांगा, मी काढतो." मावशीनं ते सांगितलं. हिल्डा पुढे चांगली दोन-तीन वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत तोंडानं जेवली.

मावशीला परवाना मिळाला, ती तिथली मुख्य नर्स झाली. गावात व्हिएतनामहून, फिलिपिन्सहून नवी माणसं कामाला येऊ लागली. काहींची इंग्रजीच धड नाही, जर्मन कुठून येणार? त्यांना तयार करायचं काम मावशीकडे आलं. तिची शाळा म्हणजे एर्नाचं स्वयंपाकघरच. नव्या माणसाला एका म्हाताऱ्याच्या शेजारी बसवायचं. तो मागेल ते आणायचं आणि चुकलं की बोलणी खायची. "चुकलात तर त्यांना बरंच वाटतं," ती म्हणायची. "आयुष्यभर शेत चालवलेल्या माणसाला दिवसातून एकदा तरी कुणावर ओरडायला मिळालं पाहिजे." पुस्तकी जर्मन घोकून आलेल्या एका कॉलेजकुमाराला तिनं हसत सांगितलं होतं, "हे रविवारसाठी ठेव." माझं मराठी मात्र ती शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिली, तिथे काही सूट नव्हती.

अंत्यविधीनंतर काका आणि मी तिचं सामान आणायला त्या नर्सिंग होममध्ये गेलो. जेवणाची वेळ होती. हॉलमध्ये लिन नावाची व्हिएतनामी मदतनीस एका थकलेल्या शेतकऱ्याला बटाट्याचं सूप भरवत होती. चमचा मध्येच थांबवून तिनं विचारलं, "बास?" म्हाताऱ्यानं मान हलवली. "थोडं," तो म्हणाला, आणि तोंड उघडलं. मी जागच्या जागी उभी राहिले. शेजारच्या टेबलावरूनही तेच आलं, "बास?" आणि कुणीतरी खणखणीत उत्तर दिलं, "बास, बास!"

मी लिनला विचारलं, हा कुठला शब्द.

"जर्मन आहे," ती म्हणाली. "सुलभानं शिकवला. इथले सगळे असंच बोलतात."

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. अभिमानानं माझी छाती फुगली होती. मी लिनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "छान बोलतेस तू जर्मन."