पेंटरभाऊची मानता

आमच्या भाऊला रेघ ओढायला पट्टी लागायची नाही. इतर पेंटर खडूची दोरी ताणून भिंतीवर खुणा करून घेत. हा एक डोळा मिटायचा आणि ब्रश फिरवायचा, रेघ सुतासारखी सरळ! अमळनेरच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. गाव त्याला पेंटरभाऊ म्हणे. मी सख्खी धाकटी बहीण, मीही तेच म्हणायचे.

तोंडाने महा फटकळ. तुपाच्या दुकानाचा मारवाडी शेठ 'शुद्ध' हा शब्द मोठा कर म्हणून मागे लागला, तर म्हणाला, "शेठ, अक्षर मोठं केल्याने तूप शुद्ध होत नाही." शेठ हसला आणि वर चहा पाजला.

चहावर भागलं असतं तर काय हवं होतं! पुढेपुढे सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय हात थरथरायचा थांबेना. "रंगात टर्पेंटाइन, माझ्यात ही. पातळ झाल्याशिवाय ब्रश चालत नाही," असं तो म्हणायचा आणि लोक खो खो हसायचे. त्या हसणाऱ्यांचा मला अजून राग येतो. वहिनी पोरांना घेऊन पाचोऱ्याला माहेरी निघून गेली, तेव्हा यातलं कुणी हसत नव्हतं.

एक दिवस तो शिडीवरून पडला. लागलं फार नाही, पण माझ्या दारात येऊन बसला. "शांते, मला धुळ्याला ने. आता माझ्याच्याने होत नाही."

एस्टीने धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गावात कुजबुज झाली, वेड्यांच्या वॉर्डात टाकला म्हणे. होताच तो तसला वॉर्ड. पहिले काही दिवस त्याला भिंतीवर मुंग्या दिसत, तो ओरडे, लहान पोरासारखा रडे. मग हळूहळू जेवायला लागला. निघताना डॉक्टरांनी बजावलं, एक थेंबसुद्धा नाही, कधीच नाही.

आणि त्याने पाळलं हो! वहिनी परत आली. हात थोडा कापायचा, तर त्याने खुशाल पट्टी विकत आणली. "लोक हसतील," मी म्हटलं. "हसू दे. पितानाही हसतच होते," तो म्हणाला. वर्ष होत आलं होतं.

पण मायने मानता मानलेली होती, नवसच तो. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा म्हसोबा. पोराची दारू सुटली तर बोकड आणि दारूची धार. दारू सुटली म्हणून दारूची धार! मी कपाळाला हात लावला, पण रीतच तशी, मायला काय बोलणार? सगळे भाऊबंद ट्रॅक्टरमधून गेलो. बोकड कापला, धार दिली, आणि उरलेली भगताने बाटलीच्या बुचात घेऊन भाऊपुढे धरली. ज्याची मानता, त्याने प्रसाद घ्यायचा.

भाऊ मागे सरकला. "माय, डाक्टरनी सांगेल शे ना, एक थेंब बी नही."

मी ओरडले, वहिनीने त्याचा हात धरला. भाऊबंद म्हणाले, "बुचभर तर आहे, एवढ्याने काय होतं?" मायने हात जोडले. "देवना परसाद शे रे भाऊ. त्याले नही म्हनानं नही."

त्याने मायकडे पाहिलं आणि घेतला.

पंगत उठायच्या आत तो भाऊबंदांबरोबर झाडाखाली प्यायला बसलेला होता. नंतर मी किती विनवलं, परत धुळ्याला चल. "कोणत्या तोंडाने जाऊ, शांते?" एवढंच म्हणायचा. पुढच्या उन्हाळ्यात पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि गेला. चाळिशीसुद्धा गाठली नाही माझ्या भावाने.

माय त्याच्यामागे बरीच वर्षं जगली. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मला एकच विचारायची, "शांता, बोकड्या धाकला पडना का व म्हसोबाले?"

मी म्हणायचे, "हो माय. लहानच पडला."