मोज्यात भरलेलं शिसं

आमच्या मागच्या पोर्शनमधल्या चाचांइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या दोह्यात शोधून सापडणार नाही. हे मी आता, घरी एसी लावून बसून, अगदी ठणकावून लिहितोय. ज्या दिवशी हेच वाक्य चार माणसांत बोलायची खरी गरज होती, त्या दिवशी माझ्या तोंडून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. ते सांगायची मला लाज वाटते, म्हणून आधी चाचांबद्दल सांगतो. तेवढाच तो प्रसंग जरा पुढे ढकलला जाईल.

अबू हमूरमधल्या आमच्या व्हिलाचे मालकाने चार तुकडे करून चौघांना भाड्याने दिलेत. पुढच्या तुकड्यात आम्ही पुण्याचे तिघे, मी, बायको आणि मुलगी, आणि मागच्या अंगणाला लागून असलेल्या दीड खोलीत चाचा. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सव्वीस वर्षं इथल्या एका वर्कशॉपात लेथवर उभे राहिलेत. चाची गावाला, मुली लग्न होऊन आपापल्या घरी, आणि चाचांच्या शर्टाच्या खिशात पेन असायच्या जागी व्हर्नियर कॅलिपर. हा कॅलिपर ते कशालाही लावतात. आमच्याकडे जेवायला आले की भाकरीची जाडी मोजतात आणि माझ्या बायकोला कौतुकाने सांगतात की कडेला अडीच, मध्ये अडीच, हात चांगला आहे. सुपरमार्केटमध्ये काकड्या मोजून घेतात. माझ्या मुलीचा पहिला दात पडला तेव्हा तिने तो मला दाखवायच्या आधी चाचांकडे नेला आणि धावत येऊन मला म्हणाली, "बाबा, फाइव्ह पॉइंट टू." ती मराठीला इंग्रजीत उत्तरं देते आणि चाचांच्या इंग्रजीला मराठीत. हा चमत्कार फक्त त्यांच्याच अंगणात घडतो.

जगात कुठलीही वस्तू चुकीच्या मापाची नसते, असं चाचांचं ठाम मत आहे. झाकण बसत नाही, दार घासतं, बूट चावतो, म्हणून कोणी ते टाकायला निघालं की चाचा कळवळतात. टाकायचं कशाला, तिला समजावू या, असं म्हणून ते वस्तू मागच्या अंगणात घेऊन जातात. माझ्या बोटात रुतलेली लग्नातली अंगठी त्यांनी अशीच 'समजावून' काढली आणि अर्ध्या मापाने मोठी करून परत दिली. बायकोला त्या अर्ध्या मापाचा राग आला. पूर्वी ती निघायची नाही याची तिला खात्री होती.

पण चाचांचं खरं प्रेम शिशावर. गावाकडे त्यांचा धाकटा भाऊ खाडीत पाग टाकून मासे धरतो. पाग म्हणजे गोल फेकायचं जाळं. त्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात, त्यांच्या वजनाने ते पाण्यात बसतं. हे मणी चाचा इथे बनवतात. सनैयामधल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातल्या, टायरवाल्यांकडून चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं गोळा करायची, शुक्रवारी सकाळी मास्क, हातमोजे, जाड मोजे असा जामानिमा करून अंगणात स्टोव्ह पेटवायचा, शिसं वितळलं की वरची राख डावाने काढायची आणि लोखंडी साच्यात ओतायचं. मणी निघतो तो खजुराच्या बीसारखा लांबट, दगडात अडकू नये म्हणून एका टोकाला निमुळता, मधून आरपार भोक. जाडी अकरा मिलिमीटर. भावाला मात्र नऊचे लागतात, कारण त्याचा पाग बारीक दोऱ्याचा आहे.

कोणीही शहाणा माणूस नऊचा नवा साचा करेल. चाचा लेथवाले, त्यांना एक दुपार पुरेल. मी हे सुचवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चाचींना बदलायला सांगितलं. त्याऐवजी त्यांनी पोलादाच्या एका ठोकळ्यात ओळीने दहा भोकं पाडलीत, प्रत्येक आधीच्यापेक्षा जराशी लहान. मण्याच्या भोकात सायकलची तार घालायची, म्हणजे ते बुजत नाही. बाहेरून खोबरेल लावायचं. मग गाडीच्या जुन्या जॅकपासून बनवलेला दांडा दाबून तो मणी पहिल्या भोकातून काढायचा, मग दुसऱ्यातून, असं करत अकराचा नऊ होईपर्यंत. एकेका मण्याला दहा वेळा खोबरेल. शुक्रवारी आमच्या अंगणात न्हाणीघरासारखा वास येतो.

मी इंजिनिअर असल्यामुळे मला वाटलं, दहा भोकं कशाला? एकदा चाचा चहा करायला आत गेले असताना मी एक मणी सरळ शेवटच्या भोकात घातला आणि दांड्यावर सगळं अंग टाकलं. शिशाची साल सोलून निघाली, उरलेला मणी आत रुतून बसला आणि तार वाकली. चाचा आले, ठोकळ्यात डोकावले आणि चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाले, "साहेब, शिशाला दामटायचं नाय. पटवत पटवत न्यायचं." तो मणी काढण्यात त्यांचे दोन शुक्रवार गेले. त्या दोन शुक्रवारांबद्दल त्यांनी पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. मनात काही न ठेवायची त्यांची ही सवय मला तेव्हा फार सोयीची वाटली होती.

आता ते सांगायलाच हवं.

इथून कोणी सुट्टीला निघालं की त्याच्या घरी पुड्यांची रांग लागते. याच्या आईची औषधं, त्याच्या भाच्याचा फोन, कोणाचे खजूर. चाचांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी काही दिलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा, तेही तीनदा 'जमलं तर' म्हणून, त्यांनी दुधाच्या पावडरीचा एक डबा आणला. आत तीन किलो मणी, नऊचे, एकूण एक मोजलेले. वर भावाचा पाग फेकतानाचा फोटो आणि इंग्रजी, अरबी दोन्हीत लिहिलेला कागद, की ही मासेमारीच्या जाळ्याची वजनं आहेत. भाऊ मुंबईला येऊन घेऊन जाणार होता. डबा बॅगेत असाच ठेवा, एवढं त्यांनी बजावलं.

आणि आम्ही काय केलं? जे इथलं प्रत्येक कुटुंब करतं तेच. आदल्या दिवशी बॅग काट्यावर ठेवली, ती भरली जास्त, आणि बायको एकेक खोका, डबा, पुठ्ठा बाहेर काढायला लागली. रिकामा डबा उगाच वजन खातो, म्हणून मणी माझ्या तीन मोज्यांत भरून वर गाठी मारल्या. डबा, फोटो आणि कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिले. ही युक्ती माझी. बायकोने फक्त मोजे दिले.

चाचा आपल्या गाडीने आम्हाला विमानतळावर सोडायला आले आणि आत काउंटरपर्यंत सामान ढकलत आले. बॅग दिली आणि जरा वेळाने एका अधिकाऱ्याने मला बाजूच्या टेबलाशी बोलावलं. त्याने एका मोज्याची गाठ सोडली. टेबलावर लांबट, टोकदार, तेल लावून चकचकीत केलेल्या शिशाच्या शंभरएक वस्तू घरंगळल्या. त्या क्षणी त्या मलाही बंदुकीच्या गोळ्याच वाटल्या. मुलगी "चाचाज् बीड्स" असं काहीतरी सांगू लागली तर मी तिला दटावून गप्प केलं. अधिकारी अगदी शांत होता. हे काय, कोणी दिलं, एवढंच त्याने इंग्रजीत विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा सगळं गरगरलं. मी दहा पावलांवर उभ्या असलेल्या चाचांकडे बोट केलं.

"तुमचा मित्र आहे?" त्याने विचारलं.

"नाही, नाही. मित्र नाही. शेजारी राहतो, एवढंच. मी त्याला नीट ओळखत नाही."

चाचांचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं आहे, पण एवढं समजायला ते पुरेसं होतं. ते पुढे आले. खिशातून ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि अरबीत म्हणाले की माल माझा आहे, या साहेबांना काही माहीत नाही. मग त्या गजबजलेल्या हॉलमध्ये, साठीच्या त्या माणसाने डावा कोपर उचलून, कमरेत वळून, हवेतला पाग फेकून दाखवला. दोनदा. अधिकाऱ्याने एक मणी उचलला, भोकातून पलीकडे पाहिलं आणि तो हसला. तरी हे विमानात जाणार नाही, असं सांगून त्याने चाचांच्या कार्डाचा नंबर लिहून घेतला. माझं कार्ड त्याने मागितलंही नाही. चाचांनी मणी वेचून मोज्यांत भरले आणि मला म्हणाले, "यल्ला साहेब, आत जा. उशीर होतोय." मी गेलो. वळून पाहिलं नाही, कारण ते हात हलवत असणार हे मला माहीत होतं.

महिन्याने परत आलो तेव्हा दाराच्या कडीला माझे तीन मोजे लटकत होते, धुतलेले. शिशाचा काळा डाग एकावरही नव्हता. मध्ये त्यांना एकदा चौकशीला बोलावलं होतं, ते साचा आणि ठोकळा घेऊन गेले आणि दाखवून आले, हे मला दुसऱ्या शेजाऱ्याकडून कळलं. मी एकदा धीर करून म्हटलं, "चाचा, त्या दिवशी जरा गोंधळच झाला." ते म्हणाले, "होतां तसां, साहेब," आणि मुलीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारू लागले. मला माफी मागायची होती आणि मी गोंधळ म्हणून मोकळा झालो होतो. या वर्षी आम्ही निघालो तेव्हा मी स्वतः जाऊन विचारलं, काही न्यायचंय का. "नाय हो, तुमचंच सामान खूप असतं," असं म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी बराच शोधला, असता तर बरं झालं असतं.

गेल्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर दांड्यावर होतो. शेजारच्या तुकड्यात नवीन भाडेकरू आलाय, तो आवाज ऐकून अंगणात आला आणि माझ्याकडे बघत चाचांना हिंदीत विचारू लागला की हे कोण, तुमच्या वर्कशॉपमधले का. चाचा मण्याला खोबरेल लावत होते. मान वर न करता ते म्हणाले, "नाय नाय, मेरे दोस्त हैं."

त्या माणसाने हात पुढे केला. माझे हात तेलाने आणि शिशाने काळे झाले होते, ते पुढे करता येईनात. मी चाचांकडे पाहत उभा राहिलो. इतके महिने अडलेलं माफीचं वाक्य तिथेच, त्या परक्या माणसासमोर बोलावं असं फार वाटलं. चाचांनी मणी भोकाशी धरला आणि मी दांडा खाली घेण्याची वाट पाहू लागले.