पाय मागे घ्या, काका

"तिथं ब्रेक नाही आहे, काका. पाय मागं घ्या."

हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. ती गाडी चालवत असायची, मी डावीकडे बसलेला असायचो, आणि समोर एखादी म्हैस किंवा ट्रॅक्टर दिसला की माझा उजवा पाय आपोआप खाली जोर देऊ लागायचा. ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायची, "पाय मागं." मी ओशाळून पाय ओढून घ्यायचो. पुढच्या म्हशीला पुन्हा तेच.

तुम्ही कधी गाडी चालवणाऱ्या बाईच्या शेजारी बसला असाल, तर आपला पाय कुठे होता ते आठवून पाहा. मी एकटाच होतो असं मला वाटत नाही. तिच्याकडे रोजच्या वापराची एक जुनी जीप होती. तिच्यात चालवणाऱ्याच्या पायाखालचं रबरी मॅट शाबूत होतं आणि शेजारच्या सीटपुढचं मॅट भोक पडेपर्यंत झिजलेलं होतं. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये नवीन कोणी आलं की ती ते मुद्दाम दाखवायची. "इतके सगळे लोक मेहनत करून राहिले बिचारे," म्हणायची आणि कामाला लागायची.

तिचे वडील आणि मी जबलपूरच्या एकाच संरक्षण कारखान्यात, एकाच तपासणी विभागात होतो. दोघांचीही गावं भंडाऱ्याकडची, दोघांचेही आजोबा रोजगारासाठी इकडे आलेले. तिचे वडील अकाली गेले तेव्हा ही पॉलिटेक्निकला होती. शिकून झाल्यावर नोकरीसाठी अर्ज करण्याऐवजी तिने रिछाईत एक शेड भाड्याने घेतली आणि आजूबाजूच्या कारखान्यांचे टेम्पो दुरुस्त करायला लागली. टेम्पोवर पोट चालायचं. जीव मात्र शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेल्या दुसऱ्या गाडीत असायचा. ती रॅलीची गाडी होती, आणि तिचा नट न् नट तिने स्वतः बसवलेला होता.

रॅली म्हणजे काय हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. जंगलातला किंवा मळ्यातला कच्चा रस्ता रहदारीला बंद करतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो जिंकला. ड्रायव्हरच्या शेजारी एक जण बसतो, त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोघं त्या रस्त्यावरून हळू गाडी फिरवतात. ड्रायव्हर प्रत्येक वळणाला एकापासून सहापर्यंत आकडा सांगतो, नॅव्हिगेटर वहीत लिहितो. एक म्हणजे अगदी तीव्र वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता. दुसऱ्या दिवशी धुळीत पुढचं काही दिसत नसताना नॅव्हिगेटर ती वही मोठ्याने वाचतो आणि ड्रायव्हर डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर विसंबून गाडी फेकतो. वहीत जे असेल तोच रस्ता.

तिला नॅव्हिगेटर टिकत नव्हते. पहिला चांगला होता, पण त्याच्या मित्रांनी बाईच्या बाजूला बसतो म्हणून त्याला इतकं चिडवलं की तो फोन उचलेनासा झाला. दुसरा दर वळणाला आपलंच मत सांगायचा. मग एके दिवशी तिची आई आमच्या विजय नगरच्या घरी आली. जय भीम झालं, पाणी झालं, आणि ती माउली म्हणाली, "भाऊजी, ही आता मी अडवून अडणार नाही. तुम्ही बाजूले बसा. जशी नेता तशी आणून द्या." मी शब्द दिला. तेव्हा मी अठ्ठावन्नाचा होतो, कारखान्यातून दोन वर्षं आधीच मोकळा झालो होतो आणि घरात बायकोच्या पायात येत होतो. डॉक्टरने तब्येत ठीक आहे असं लिहून दिलं, स्पर्धेचा परवाना निघाला.

मझौलीच्या बाजूला शेतांतल्या एका कच्च्या रस्त्यावर तिने मला वही लिहायला शिकवलं. नियम एकच होता. "मी सांगीन, तुम्ही लिहा. तुम्हाले काय वाटते ते घरी." तीस वर्षं गेज लावून माप लिहिलेला माणूस मी, मला हे सोपं वाटलं. जे दिसतं ते लिहायचं, आपलं मत घालायचं नाही, हे तर मीच इतरांना शिकवत आलो होतो.

स्पर्धेच्या ठिकाणी गेलो की गमती होत. गाडीची तपासणी करणारे अधिकारी कागद माझ्या हातात देत आणि मला विचारत, "सर, इंजन में क्या काम कराया है?" मी तिच्याकडे बोट दाखवायचो. ती उत्तर द्यायची, ते पुढचा प्रश्न पुन्हा मलाच विचारायचे. तिने एकाला मागे टाकलं तेव्हा तो म्हणाला, बाईचं वजन कमी, म्हणून गाडी पळते. शेजारी मी शहाऐंशी किलोचा उभा होतो, ते त्याला दिसलं नाही. एकदा सगळ्यांत पाचवी आली असताना तिला महिलांचा वेगळा चषक द्यायला बोलावलं. तिने शांतपणे विचारलं, या गटात किती जणी होत्या? एकच, ते म्हणाले. "मग मी शेवटची पण आली ना जी," ती म्हणाली आणि पाचव्या नंबरचा कागद तेवढा घेऊन खाली उतरली.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही लाज वाटते.

दक्षिणेत कॉफीच्या मळ्यांत मोठी राष्ट्रीय रॅली होती. एका नामांकित संघाच्या माणसाने तिला सांगितलं होतं की तुझ्या गाडीच्या वर्गात पहिली आलीस, तर पुढच्या हंगामात आमची गाडी, आमचे मेकॅनिक, सगळं आमचं. स्वतःच्या हाताने ठोकठाक केलेल्या गाडीवर आणखी किती वर्षं निघतील हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

आदल्या दिवशी आम्ही रस्ता फिरलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट खाली उतरलेला कॉफीचा मळा. ती एकेका वळणाला सांगत गेली, "उजवं चार. डावं पाच. उजवं चार, कापू नका." कापू नका म्हणजे वळणाच्या आतल्या कडेवर गाडी घालू नका. मी पेन्सिलीने लिहीत गेलो. संध्याकाळी खोलीवर वही स्वच्छ करायला बसलो आणि ती दरी डोळ्यांपुढून हलेना. तिची आई आठवली. मी खोडरबर घेतलं आणि पाच ठिकाणचा चार खोडून तीन केला, म्हणजे तिथे ती जरा हळू जाईल. फक्त पाच ठिकाणी. तेवढ्याने काय होतं, असं मनाशी म्हटलं आणि निवांत झोपलो.

ती चार सेकंदांनी दुसरी आली.

कोणाला दोष न देता तिने गाडी धुतली. मग वही मागून घेतली आणि पानं उलटत बसली. एका पानावर तिचा अंगठा थांबला. कागद तिथे मऊ झाला होता. कारखान्यात मी स्वतः पोरांना ताकीद द्यायचो, तपासणीच्या वहीत खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून खाली सही करा, मूळ आकडा दिसला पाहिजे. तिच्या वडिलांनी तो नियम जन्मभर पाळला होता. आणि त्यांच्या मुलीच्या वहीत मी रबर फिरवलं होतं.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मळ्याच्या मॅनेजरला विनंती करून फाटक अर्धा तास बंद करून घेतलं. तो सहा किलोमीटरचा तुकडा आम्ही दोनदा गेलो. एकदा माझ्या आकड्यांनी, एकदा तिच्या. घड्याळ तिने माझ्याच हातात दिलं. तिच्या आकड्यांनी आम्ही सहा सेकंद आधी पोचलो. पाचही वळणांवर गाडी रस्त्यातच होती, दरीपासून हातभर आत, जसं तिने म्हटलं होतं तशी.

तिने गाडी बंद केली. मी म्हणालो की तुझ्या आईला शब्द दिला होता.

"आईले तुम्ही शब्द दिला," ती म्हणाली. "पण गाडी माझ्या भरवशावर होती, अन् मी तुमच्या." मग म्हणाली, "लोक तोंडावर बोलतात ना काका, त्याचं मले काही नाही. ते ऐकू तर येते. तुम्ही वहीत लिहून दिलं, अन् मी डोळे मिटून त्याच्यावर गाडी चालवली."

परतीच्या आगगाडीत ती वरच्या बर्थवर झोपून गेली. मी खिडकीशी जागाच होतो. मला एक मुलगी आहे, नागपूरला बँकेत असते. कॉलेजात असताना तिला स्कूटर शिकायची होती. मी म्हटलं, कशाला, मी सोडतो ना. तीन वर्षं मी तिला रोज नेलं आणि आणलं, आणि त्याला मी माया समजत आलो. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. आज बँकेत इतक्या लोकांवर हुकूम चालवणारी माझी पोर फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी राहते. तिच्या वहीत मी किती ठिकाणी रबर फिरवलं असेल, ते मोजायला आता कुठलं घड्याळ आणायचं?

त्या रॅलीनंतर मला वाटलं होतं, ही पुन्हा माझ्या दारात येणार नाही. पंधरा दिवसांनी ती आली. हातात कोरी वही आणि नवीन पेन्सिल होती. मी स्वतःच म्हणालो की यापुढे पेनने लिहीन.

"पेन्सिलच पाहिजे. रस्ता दुसऱ्यांदा पाहिला की मी आकडा बदलते," ती म्हणाली. मग गळ्यातली दोरी शर्टाबाहेर काढली. दोरीला भोक पाडून एक खोडरबर ओवलेलं होतं. "पेन्सिल तुमची. हे माझ्यापाशी राहील. लागलं तर मागायचं. मी विचारीन, काहून पाहिजे."

मी हसलो, आणि मग मला हसू आवरून डोळे पुसावे लागले. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. जीप बाहेर चालूच होती.

पुढच्या वर्षी तोच मळा, तोच रस्ता. संघाच्या माणसाने आणखी एक संधी देऊ केली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर फारशी आशा नव्हती. मी वर्षभरात एकदाच रबर मागितलं होतं, तेही माझा पाच सहासारखा दिसत होता म्हणून. दरीकडची ती पाच वळणं आली तेव्हा मी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. जे होतं तेच वाचलं. उजवं चार. डावं पाच. उजवं चार, कापू नका. प्रत्येक आकड्याला गाडी आडवी होऊन गेली आणि मळा माझ्या खिडकीशी आला आणि परत गेला. शेवटाला ती म्हणाली, "काका, पाय."

मी खाली पाहिलं. दोन्ही पाय मागे होते. ती सवयीने बोलली होती, आणि हे लक्षात आल्यावर पहिल्यांदाच तिच्याकडून चुकलं म्हणून ती खूप हसली. दोन सेकंदांनी आम्ही पहिले आलो.

नव्या संघाचा स्वतःचा नॅव्हिगेटर होता, हे मला आधीपासून माहीत होतं. जायच्या आदल्या दिवशी ती घरी जेवायला आली. बायकोने सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी केली होती, तिने चार हाणल्या. निघताना तिने गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली. "आता तुमच्यापाशीच ठेवा," म्हणाली. "मले भरवसा आहे." एवढंच म्हणून ती जिन्याने उतरली. खाली जीप वळल्याचा आवाज आला, आणि मी तो बंद होईपर्यंत ऐकत उभा राहिलो.

रिछाईतल्या शेडवर आता दुसऱ्याची पाटी आहे. जीप ती मला देऊन गेली. रॅली असली की मी फोनवर तिचा वेळ बघत बसतो. कधी वर असते, कधी खाली. मला तिची फार आठवण येते, आणि एवढ्या वयात कोणाच्या शेजारी बसण्याची आठवण यावी याचं नवल वाटतं.

मागच्या महिन्यात माझी मुलगी चार दिवस राहायला आली. खुंटीला टांगलेलं खोडरबर बघून तिने विचारलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. स्कूटरचंही सांगितलं. रविवारी मी जीपची किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि आम्ही रिछाईला गेलो. सुटीमुळे कारखाने बंद होते, रस्ता मोकळा होता. पहिले दोन फेरे ती बैलगाडीच्या चालीने गेली. तिसऱ्या फेऱ्यात तिने तिसरा गिअर टाकला. पुढे जुन्या शेडजवळचं वळण आलं, कडेला एक ट्रक उभा होता.

"बाबा, इथे हळू करू का?"

माझ्या टाचेला मॅटचं भोक लागलं, तेव्हा कळलं की पाय खाली गेला आहे. मी तो ओढून सीटखाली घेतला.

"तू सांग," मी म्हणालो.