वाटी, चमचा आणि हायपरव्हायजर

माझा नवरा पवईच्या ऑफिसात नेमकं काय करायचा, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं, आणि तेही वरणाची वाट बघताना.

आमच्या मुलुंडच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरात सासूबाईंशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम माझ्या आधीपासूनचा. हवं ते खिडकीतून मागायचं. तेही तोंडाने नाही, कारण आत कुकर, एक्झॉस्ट फॅन आणि रेडिओ एकदमच चालू असत. रिकामी वाटी खिडकीत ठेवायची आणि चमचा वाजवायचा. एकदा म्हणजे वरण, दोनदा म्हणजे भाजी. मग लगेच बाजूला व्हायचं. कोणी तिथेच रेंगाळलं की आतून मालवणीत आवाज यायचा, "वाजवलंस मा? मगे बाजूक हो!"

"हेच माझं काम," नवरा एकदा म्हणाला.

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मला वाटलं, ह्याला कॅन्टीन कमिटीवर घेतलं असावं.

मग त्याने समजावलं. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर राहायला ठेवता येतात. प्रत्येकाला वाटतं, आपण आपल्या स्वतंत्र घरात आहोत. ते पाहुणे. त्या सगळ्यांना सांभाळणारा यजमान म्हणजे हायपरव्हायजर. आणि पाहुण्याच्या आतला कारभार बघणारा कर्ता म्हणजे त्याचा कर्नल.

"कर्नल स्वतःच्या घरात राजा. पण खऱ्या गॅसला त्याला हात लावता येत नाही, गॅस आईकडे. मग तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने मागणी ठेवतो, हाक मारतो आणि थांबतो. म्हणजे अक्षरशः थांबतो, डोकं बंद. तो बाजूला झाला की यजमान पुढे येणार, वाटी बघणार, भरणार, आणि पाहुण्याला पुन्हा चालू करणार. त्या हाकेला हायपरकॉल म्हणतात."

"आणि यजमान नाही म्हणाला तर?"

"तर वाटी रिकामी परत. आत कारणाचा एक आकडा टाकून."

"आई कारण आकड्यात सांगत नाहीत."

"म्हणून तर ऑफिसात बरं वाटतं गं."

तो गेला त्याला वर्ष होत आलं. हे मी रोज थोडं थोडं लिहिते आहे. लिहिता लिहिता त्याचा आवाज ऐकू येतो, मग पेन खाली ठेवावं लागतं. पण मला सांगायचं आहे ते दहाव्याचं.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवले होते. कावळा लगेच शिवला तर गेलेला माणूस समाधानाने गेला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली आहे असं समजायचं आणि ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा. सासूबाई हट्टाने तिथे आल्या होत्या. कावळा शिवेपर्यंत पाणीही पिणार नाही, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. त्यांना साखरेचा त्रास. ऊन चढत होतं आणि त्यांचे ओठ पांढरे पडत चालले होते. कावळा मात्र समोरच्या झाडावर बसून पंख साफ करत होता.

धाकटा दीर विधी करत होता. तो म्हणाला, "दादा, आईची आणि वहिनीची काळजी करू नको."

कावळ्याने मान फिरवली.

चुलतसासरे पुढे सरकले. "गावच्या घराची कौलं बदलूया रे!"

"काका, ती तुमची इच्छा," दीर पुटपुटला. "दादाला तिथे स्लॅब हवा होता."

"मग स्लॅब!" काका झाडाकडे बघून ओरडले.

कोणी सोलकढी आणून ठेवली, कोणी मासळीचं नाव काढलं आणि गुरुजींची नजर पडताच गप्प झालं. शेवटी गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्रात सोय आहे."

नवऱ्याचा ऑफिसातला मित्र बोरिवलीहून आला होता. तो हळूच म्हणाला, "एम्युलेशन. खरी वस्तू नसली की तिची नक्कल पुढे करायची. पाहुण्याला फरक कळत नाही."

सासूबाईंचे कान तिखट. "माज्या झिलाक फरक कळता," त्या मुलाची बाजू घेत म्हणाल्या.

दर्भ बाजूला ठेवला गेला. मग तो मित्रच पुढे झाला, घसा खाकरून म्हणाला, "यार, तुझा स्टील टाइमचा पॅच मी रिव्ह्यू करतो. मर्ज होईपर्यंत सोडत नाही. आईशप्पथ."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. गुरुजी म्हणाले, "स्पष्ट बोला. मराठी चालेल, संस्कृत चालेल."

"काय सांगता तो?" सासूबाईंनी मला विचारलं.

तळ्याकाठी, पिंडांसमोर, त्याने जेवताना समजावलेलं ते मला सांगावं लागलं. "आई, यजमान आपल्या कामात असतो तेव्हा पाहुणा थांबलेला असतो ना, पण आपण थांबलो होतो हे त्याला कळतच नाही. जागा झाला की त्याला वाटतं, आत्ताच वाटी ठेवली. म्हणून यजमानाने एका ठरलेल्या जागी लिहून ठेवायचं, बाबा रे, मधे तुझा एवढा वेळ चोरीला गेला. त्यातली एक चूक ह्यांनी दुरुस्त केली आहे. ती दुरुस्ती कोणी तपासून मूळ कामात घ्यायची राहिली."

"वाटी म्हणजे? आपल्या खिडकीतली?"

"हो."

"ता तेणा हापिसात नेल्यान?"

"आम्ही त्याला आईची खिडकीच म्हणतो, काकी," मित्र म्हणाला.

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. पिंडांभोवती आमचं कडं होतं. छत्र्या, मोबाइल, सोलकढीचं भांडं आणि वर पसरलेले काकांचे दोन्ही हात. कावळ्याला उतरायला वीतभरही जागा नव्हती.

"वाजवलात मा?" त्या गरजल्या. "मगे बाजूक व्हा सगळे!"

काका मागे हटले, दीर हटला, सवय नसताना गुरुजीही हटले. सगळ्यात जवळ मी उभी होते. मी हटले नाही. मी काही मागितलं नव्हतं, शब्दही दिला नव्हता, नुसती उभी होते. सासूबाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि दंड सोडलाच नाही.

कावळा खाली उतरला. इकडेतिकडे पाहिलं आणि पिंडात चोच घातली.

"स्लॅब!" काका म्हणाले.

मित्राचा चेहरा उतरला. "आता खरंच रिव्ह्यू करावा लागणार." त्याने आपली पाण्याची बाटली सासूबाईंपुढे धरली. त्या अर्धी प्यायल्या.

घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. हॉलमध्ये खुर्चीवर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत मी होते. तो गेल्यापासून त्या चहा-बिस्किटावर होत्या. आजही जेवणार नाहीत असं वाटून मी त्यांना हाक मारली नाही. कुकर उघडला, वरण घोटलं, रेडिओ मात्र लावला नाही.

खिडकीत वाटी ठेवल्याचा आवाज आला. मग चमचा वाजला, एकदा.

मी वाटी भरली, वर तूप सोडलं. हात बाहेर काढताना पाहिलं तर खिडकीशी कोणी नव्हतं. सासूबाई नियमाप्रमाणे बाजूला होऊन उभ्या होत्या.